घर लहान करताना

या खेपेच्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या, साठी-सत्तरीतल्या बायकांची आहेत आणि बहुतेक नाशिकचीच आहेत. घर, सामान, बाहेर पडणं, सणवार हेच विषय फिरून फिरून येतात, म्हणून यावेळचा सगळा रकाना त्यांनाच दिला आहे. मी बँकेच्या काउंटरवर नोकरी केली, जुन्या नाशकातल्या वाड्यात संसार केला आणि ह्यांच्या माघारी कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. पुढे लिहिलं आहे ते बरंचसं स्वतः केलेलं आहे.

ताई, माझं वय ६८. गंगापूर रोडला आमचा बंगला आहे, खाली तीन खोल्या, वर दोन. मिस्टरांना जाऊन आठ महिने झाले. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो विकून टाक आणि माझ्याकडे ये. मुलगी इथेच पाथर्डी फाट्याला आहे, ती म्हणते छोटा फ्लॅट घे. एवढी झाडलोट आता होत नाही. रात्री वर कुणी चालतंय असं वाटत राहतं. पण विकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. बंगला मिस्टरांच्या नावावर आहे. काय करू?
— एक वाचक, गंगापूर रोड

वर्षश्राद्ध होईपर्यंत कशावरही सही करू नका. आठ महिन्यांत माणूस जेमतेम उभा राहिलेला असतो आणि अशा वेळी जो जोर लावून बोलेल त्याचंच खरं वाटतं. बंगला कुठे पळून जात नाही. तोवर वरच्या दोन खोल्या बंद करा, जिन्याला दार असेल तर त्याला कुलूप लावा. निम्मी झाडलोट तिथेच कमी होते आणि रात्री कान वर लागून राहत नाहीत. शिकायला आलेली एखादी मुलगी ओळखीतून वर ठेवायची असेल तर जरूर ठेवा, मात्र रीतसर भाडेकरार करून आणि पोलीस ठाण्यात माहिती देऊन.

त्यानंतर घर लहान करावं का? करावं, असंच माझं मत आहे. पण घर लहान करताना आपला वावर लहान होऊ देऊ नये. आज तुम्ही वाण्याकडे, देवळात, मैत्रिणीकडे, बँकेत आपल्या पायांनी जाता. नवा फ्लॅट कितीही झकपक असला आणि तिथून भाजी आणायलाही मुलीच्या गाडीची वाट बघावी लागत असली, तर तो घेऊ नका. फ्लॅट बघायला जाल तेव्हा हॉल आणि किचन शेवटी बघा. आधी हातात पिशवी घेऊन खाली उतरा आणि चालून पाहा: भाजीवाला, मेडिकल, पिठाची गिरणी, रोजचे डॉक्टर, सिटीलिंक बसचा थांबा. मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? फुटपाथवर चालायला जागा आहे, की गाड्या लावलेल्या असतात? हीच फेरी संध्याकाळी सातला पुन्हा मारा. रस्त्यावरचे दिवे लागतात का, गल्लीत कुत्री किती, हे सकाळी अकराला कळत नाही.

मग इमारत. लिफ्ट आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, वीज गेल्यावर ती चालते का ते विचारा. दुसऱ्या मजल्याच्या वर मी तरी जाणार नाही. न्हाणीघराच्या दाराला उंबरा असतो, तो वाटतो दोन इंचांचा, पण ओल्या पायानं पडायला तेवढा पुरतो. तो काढून घेता येईल का ते पाहा, कमोडच्या बाजूला भिंतीत पकडायला दांडा बसवून घ्या आणि फरशी खरखरीत टाका. मी राहायला येण्याआधी रंगकाम पुढे ढकललं आणि हे करून घेतलं.

शक्य असेल तर घेण्याआधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहून पाहा. बंगल्याला कुलूप असू द्या. पाणी किती वेळ येतं, वरचे शेजारी कसे आहेत, दुपारी ऊन कुठून येतं, हे राहिल्याशिवाय समजत नाही.

मुलाकडे जाण्याचं म्हणाल, तर जा, पण तीन-चार महिन्यांचे कपडे घेऊन जा. नाशिकचं घर ठेवून पुण्याला राहणं आणि नाशिकचं घर विकून पुण्याला राहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलगा-सून दिवसभर कामावर असतील. तेवढ्या वेळात तुम्ही कुणाशी बोलाल, कुठे जाल, हे तिथे राहून बघा. जमलं तर आनंदच आहे.

आता कागद. ह्यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण काउंटरच्या पलीकडे रडकुंडीला आलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बंगला मिस्टरांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा लागतो. सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे विकताना सगळ्यांच्या सह्या लागतील, किंवा मुलांनी तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागेल. ‘माझं नाव नॉमिनी म्हणून लागलंय, म्हणजे माझंच’ असं बऱ्याच जणी धरून चालतात. नॉमिनीकडे मिळकत किंवा पैसे सोपवले जातात, मालकी वारसांची राहते. तेव्हा आधी वारसनोंद करून घ्या. मुलं आज एका मताची आहेत, तर हे काम आजच सोपं आहे.

विकलाच, तर आलेला पैसा तुमच्या एकटीच्या नावानं ठेवा आणि मुलांना नॉमिनी करा. एकाच बँकेत सगळा ठेवू नका. ठेवींचं विमासंरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच आहे, मुद्दल आणि व्याज धरून. सहकारी बँक घराजवळची आणि ओळखीची असली तरी हा हिशेब विसरू नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं, घरखर्चाला ते बरं पडतं. बंगल्याच्या नफ्यावर कर लागतो. दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतलं तर त्या घरात घातलेल्या रकमेपुरती सूट मिळते, म्हणून व्यवहाराच्या आधी सीएकडे जा, नंतर जाऊन उपयोग नाही.

आणि एक. कुणी कितीही गोड बोललं तरी राहतं घर हयातीत बक्षीसपत्रानं देऊन टाकू नका. मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि मन बदललं तर ते केव्हाही बदलता येतं. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं सक्तीचं नाही, पण नोंदवा. बक्षीसपत्र करायचीच वेळ आली, तर ‘मला शेवटपर्यंत सांभाळावं’ ही अट दस्तातच घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, अट मोडली तर मिळकत परत मागायची सोय आहे आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

मी ७१ वर्षांची. पंचवटीतलं घर सोडून मुलीच्या इमारतीत वन बीएचके घेतलाय. चाळीस वर्षांचा संसार तिथे मावणार कसा? पितळी भांडी, पाटा-वरवंटा, दिवाण, साड्या, मिस्टरांची पुस्तकं, त्यांचे कपडे, स्कूटर. हात लावला की रडू येतं आणि तसंच ठेवून देते.
— एक भगिनी, पंचवटी

रडू येणारच. पण ज्यानं रडू येतं त्याला शेवटी हात लावा. सुरुवात माळ्यापासून करा: रिकामे डबे, खोकी, जुने पडदे, बंद पडलेला मिक्सर, दहा दिवाळ्यांचे आकाशकंदील. त्यात जीव अडकलेला नसतो, आणि चार दिवसांत घर मोकळं दिसायला लागलं की हात चालू लागतात.

भांड्यांचं सविस्तर सांगते, कारण इथे बायका फार फसतात. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. गिझर आला तसा तो माळ्यावर गेला आणि हिरवा पडला. दारावरच्या भंगारवाल्यानं त्याला एका हातानं उचलून सगळ्याचा मिळून एक आकडा सांगितला. मी तो रिक्षात घालून भांडी बाजारात नेला. तिथल्या दुकानदारानं तो उताणा घातला, खालची लोखंडी जाळी आणि पाय सुटे केले, तोटी पितळेची म्हणून बाजूला काढली, मग जिथे जिथे डाग देऊन सांधलेलं होतं तिथे नखानं खरवडून पाहिलं आणि तेवढी घट धरली. तांबं वेगळं तोललं, पितळ वेगळं. तांब्याचा भाव पितळेहून वरचा असतो, म्हणून वेगळं तोलण्यालाच महत्त्व आहे. हातात आली ती रक्कम दारावरच्या आकड्याहून कितीतरी जास्त होती. तेव्हा लोखंडी कड्या आणि कान घरीच काढून ठेवा, तांबं-पितळ वेगळं बांधा, घरच्या वजनकाट्यावर अंदाज घ्या, दोन दुकानांत मोडीचा भाव विचारा आणि मगच द्या. दुपारी जा. संध्याकाळी त्या बोळांत पाय ठेवायला जागा नसते.

पण सगळं मोडीत घालू नका. नाव घातलेली भांडी आधी निवडा. पूर्वी लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख ठोकलेली असायची. माझ्याकडे सासूबाईंच्या माहेरचं नाव असलेला एक तांब्या निघाला. काठाखाली बारीक ठोक्यांची अक्षरं, एक ‘व’ उलटा पडलेला. तो मी ठेवला, त्यानंच रोज पाणी पिते. पुरणयंत्र आणि दोन पितळी डबेही ठेवले. बाकीची मोठी पातेली आता कुणासाठी चढणार होती?

पाटा-वरवंटा मुलीच्या गॅलरीत मावत असेल तर न्या, नाहीतर चटणी-मसाल्याचं वाटण अजून पाट्यावर करणारं कुणी आसपास असेल तर त्यांना द्या. ते लोक जिवापाड जपून वापरतात. सुती लुगडी आणि साड्या गोधडीला द्या, मऊ झालेल्या कापडाचीच गोधडी चांगली होते. नातवंडांना एकेक शिवून घेतली तर साड्या घरातच राहतील. जरीच्या आणि पैठण्या मुलीला, सुनेला, भाच्यांना आत्ताच द्या, त्या नेसलेल्या तुम्हाला बघता येतील. बोहारीण दारावर आली तर तिच्याशी घासाघीस जरूर करा, पण रेशमी साडीच्या बदल्यात स्टीलची वाटी घेऊ नका.

पुस्तकांसाठी वाचनालयात आधी यादी घेऊन जा. आपल्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची, तिथे काय नाही! त्यामुळे त्यांच्याकडे नसलेलं आणि त्यांना हवं असलेलंच ते घेतील, आणि ते बरोबरच आहे. उरलेली आजूबाजूच्या शाळेत किंवा ज्येष्ठ नागरिक संघात विचारा. मासिकांचे गठ्ठे रद्दीत द्या. जड जाईल, पण द्या.

मिस्टरांच्या कपड्यांना घाई नाही. एका बॅगेत भरून न्या, नव्या घरी सहा महिने राहू द्या. त्यानंतर एखाद्या दिवशी ती बॅग उघडायला तुम्हाला जमेल. औषधं मात्र आजच काढून टाका. चष्मा, घड्याळ, पेन या लहान वस्तू आहेत, त्यांना जागा लागत नाही, त्यांच्याबद्दल कुणी काही म्हटलं तर ऐकू नका.

स्कूटरची चावी कुणाला नुसती देऊन टाकू नका. आरटीओत आधी वारस म्हणून नाव बदलून घ्या, मग विका. नाहीतर उद्या ती कुणाला धडकली की कागद तुमच्या दारात येतात. मिस्टरांचा मोबाइल नंबरही लगेच बंद करू नका. बँक, गॅस, विमा, पेन्शन सगळ्याचे ओटीपी त्यावर येत असतात. एकेक ठिकाणी स्वतःचा नंबर लावून झाला की मग बंद करा. मृत्यूचा दाखला, पेन्शन मंजुरीचा कागद (पीपीओ), पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या हे सगळं एका फाइलमध्ये घालून हातातल्या पिशवीत न्या, ट्रकमध्ये चढवू नका.

मुलांना काय द्यायचं हे एकेकाला कानात सांगू नका. एका रविवारी दोघांना बोलवा, सामान मांडा आणि समोरासमोर निवडू द्या. ज्याला काहीच नको असेल त्याच्यावर रागावू नका, त्यांची घरं आपल्यापेक्षा लहान आहेत. देव्हाऱ्यातले टाक मुलाकडेच गेले पाहिजेत असं काही नाही. जी रोज फूल वाहील तिच्याकडे ते द्यावेत, मग ती मुलगी का असेना.

सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू असतं. मला बोलावतात, पण मला वाण देताना त्यांचा हात आखडतो. एकदा एकीनं मला वगळून पुढच्या बाईला कुंकू लावलं. जावं की न जावं? गळ्यातलं मी काढलेलं नाही, त्यावरही कुजबुज होते.
— एक वाचक, इंदिरानगर

ज्या घरात हात आखडतो त्या घरी जाऊ नका. त्या बाईनं जे केलं ते वाईटच केलं, त्यावर पांघरूण घालायची गरज नाही. पण स्वतःच्या घरी तुम्ही हळदीकुंकू करा. सगळ्यांना बोलवा, सगळ्यांना कुंकू लावा, आणि नवरा नसलेल्या बायकांना आवर्जून पहिल्यांदा लावा. मी गेली काही वर्षं करते. पहिल्या वर्षी काही जणी आल्या नाहीत, आता येतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवऱ्यामागे कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी उतरवणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्यानं जे चारचौघांत हात वर करून ठरवलं, ते शहरातल्या सोसायटीला जड का जावं? गळ्यातलं तुमचं आहे. घालावंसं वाटतं तोवर घाला. फक्त पहाटे फिरायला जाताना सोनं घालू नका, सोनसाखळी ओढणारे मोटारसायकलवरून येतात. पोत घाला.

मी ७३. देवपूजा, जेवण, टीव्ही, झोप. घराबाहेर पडायला कारणच उरलेलं नाही. मैत्रिणी जोडीनं जातात, त्यांच्यात मी तिसरी कशी जाऊ? एकटीनं हॉटेलात बसायची तर कल्पनाही करवत नाही.
— एक आजी, नाशिक रोड

आजी, कारण सापडायची वाट बघत बसलात तर पावसाळा संपेल. वार ठरवा. बुधवार म्हणजे गोदाघाटावरचा बाजार, शनिवार म्हणजे मुक्तिधाम, असा. वार आला की साडी बदलायची आणि निघायचं, जावंसं वाटतंय का हे स्वतःला विचारायचं नाही. मला स्वतःला यानंच बाहेर काढलं. बाजारातून फार काही आणायचंही नसतं, दोन जुड्या मेथी आणि पेरू. पण भाजीवाली ओळखायला लागते, एक बुधवार चुकला तर विचारते.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. संध्याकाळी नदीवर वारा असतो आणि समोर कुणीतरी अभ्यासू माणूस बोलत असतं. तिथे एकटीनं बसलेली बाई कुणाला वेगळी दिसत नाही, सगळेच एकेकटे ऐकत असतात. म्हणून एकटीनं जायची सवय लावायला ही जागा सगळ्यांत सोपी. कुसुमाग्रज स्मारकात, कालिदास कलामंदिरात काही ना काही चालू असतं, वर्तमानपत्रातल्या ‘आज शहरात’वर बोट ठेवून निवडा.

हॉटेलाचं म्हणाल, तर दुपारी चारला जा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते. भिंतीकडेच्या टेबलावर बसा, मिसळ मागवा, रस्सा कमी तिखट सांगा, पाव एक पुरे. नाशिकमध्ये मिसळ खाणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. पहिल्या वेळी पर्समध्ये एखादं मासिक ठेवा, दुसऱ्या वेळी लागणार नाही.

शहराबाहेर जायचं असेल तर एसटी आपल्यासाठी मोठी सोय आहे. ७५ पूर्ण झाली की एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, ऑगस्ट २०२२ पासून. तुम्ही ७३ च्या म्हणजे अर्धं तिकीट. आणि मार्च २०२३ पासून तर सगळ्याच बायकांना अर्धं आहे, म्हणजे साठीची मैत्रीणही बरोबर अर्ध्या तिकिटात येते. आधार कार्ड जवळ ठेवा. शहरातल्या बसला ही सवलत लागू नाही, तिथे तिकीट काढा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, याचं मला फार वाईट वाटतं. पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला मुलांकडे जाणाऱ्या किती म्हाताऱ्या बायका होत्या!

हिवाळ्यात निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य पाहा. २०२० मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावला मनोरे आहेत, पण मनोऱ्यावर चढलं नाही तरी काठावरून पक्षी दिसतात. पहाटे निघावं लागतं, म्हणून तिथे चौघीजणी मिळून गाडी करून जा. पांडवलेण्याला पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे चालत असतील तरच चढा, आणि थांबत थांबत. मी वर जाते ती तिसऱ्या लेण्यासाठी. ते लेणं गौतमी बलश्रीनं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनं, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी भिक्षूंना दिलं. मुलाच्या माघारी त्या आजीनं भिंतीवर त्याचे पराक्रम कोरून घेतले आणि स्वतःला महाराजाची आई, महाराजाची आजी म्हणवलं. आपल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका म्हातारीचा शब्द अजून दगडात आहे. तो लेख बघितला की मला उभारी येते. पायऱ्या जमल्या नाहीत तर खाली फाळके स्मारकाच्या बागेत बसून या.

मोठ्या सहलींत एकट्या बाईला खोलीचे जास्त पैसे लावतात. नाव नोंदवतानाच ‘दुसऱ्या एकट्या बाईबरोबर खोली द्या’ म्हणून सांगा, तशा असतातच. आणि संडासची सोय नसेल म्हणून पाणी न पिता बाहेर राहू नका. हे आपल्या बायकांचं दुखणं आहे, त्यानं चक्कर येते, लघवीचे आजार होतात. कुठे स्वच्छ सोय आहे ते ध्यानात ठेवा आणि लाज न बाळगता विचारा. मैत्रिणींच्या जोड्यांत तिसरी म्हणून जायला मलाही आवडत नाही. पण त्यांतल्या एकीला एकटीला बुधवारच्या बाजाराला बोलावून बघा.

आई ७९ वर्षांची, जुन्या नाशकात एकटी राहते. मी नवीन नाशिकला. रोज म्हणते तिला, माझ्याकडे ये. ऐकत नाही. रात्री मला झोप लागत नाही.
— एक मुलगी, नवीन नाशिक

तुमची काळजी खरी आहे, पण ‘ये’ म्हणणं आता थांबवा. त्याऐवजी तिच्या घरात काय कमी आहे ते बघा. न्हाणीघरात दांडा आहे का, पलंगापासून संडासपर्यंत रात्री दिवा आहे का, दाराची एक किल्ली शेजारणीकडे आहे का, तुमचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे का. रोज सकाळी ठरलेल्या वेळी दोन मिनिटांचा फोन करा. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला तिला बँकेत घेऊन जा, येताना तिच्या आवडीचं काही खाऊन या. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे, तोही भिंतीवर लिहा. ती कधी स्वतःहून म्हणाली ‘आता येते’, तर खोली तयार असू द्या आणि त्या खोलीला आतून कडी असू द्या.

सप्तशृंगीला जायचा नवस आहे, मिस्टरांच्या आजारपणात बोलले होते. ते राहिले नाहीत. आता फेडू का? गुडघे साफ गेलेत.
— एक वाचक, सातपूर

मनात असेल तर जरूर जा. नवस पुरा झाला की नाही याचा हिशेब करत बसू नका, देवीला भेटून या. पाचशेहून जास्त पायऱ्या आता चढायची गरज नाही, २०१८ पासून गडावर रोपवेची ट्रॉली आहे, ती काही मिनिटांत वर नेते. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. चैत्रातली यात्रा, नवरात्र आणि कोजागिरी टाळा, रांगेत उभं राहवणार नाही. मंगळवार-शुक्रवार सोडून मधल्या वारी, सकाळच्या एसटीनं निघा. नांदुरीपासून पुढचा घाट वळणांचा आहे, मळमळत असेल तर पुढच्या बाकावर बसा आणि पोटभर खाऊन निघू नका. परतीची शेवटची बस किती वाजता ते गडावर उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचारून ठेवा.